मध्ये थांबा

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या विमान कंपनीच्या कार्यकारी संचालक, ज्यांना आपण तोंडावर ‘मॅडम’ आणि पाठीमागे ‘धाकट्या बाई’ म्हणतो, त्या आदरणीय धाकट्या बाई – बघा, पहिल्याच वाक्यात तोंडावर म्हणून टाकलं, आता भीती संपली. व्यासपीठावर विराजमान असलेले त्यांचे वडील, या कंपनीचे संस्थापक, आपले मालक. भागीदार कंपनीकडून खास या कार्यक्रमासाठी आलेले प्रमुख पाहुणे. आजचे सत्कारमूर्ती, वेळापत्रक विभागाचे प्रमुख, आपल्या सर्वांचे काका. त्यांना इतकी वर्षं घरी सांभाळून आपल्याला ऑफिसपुरतेच वापरायला देणाऱ्या काकू. आणि समोर बसलेले वैमानिक, हवाई सेविका, इंजिनिअर, तिकीट खिडकीवाले, सामान चढवणारे, आणि चहाचं टेबल दिसेल अशाच खुर्च्या धरून बसलेले माझे सगळे सहकारी!

मला संयोजकांनी सांगितलंय, ताई, थोडक्यात बोला आणि हलकंफुलकं बोला. यातलं एक मी नक्की पाळणार आहे. दुसऱ्याचं बघू.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी माझी ओळख. मी मधल्या स्टेशनची इन्चार्ज. आपल्या पहिल्या मार्गावर वर राजधानी आणि खाली बंदर, आणि दोन्हींच्या मध्ये डोंगराच्या कुशीत जे गाव आहे त्याला आपण कंपनीत ‘मधलं’ म्हणतो. म्हणून मी मधल्या ताई. माझ्या सख्ख्या भावंडांत मी थोरली आहे, पण ते आता कोणाला सांगून पटत नाही.

आता काकांविषयी. काय बोलावं? ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना वेळेवर निघायला लावलं, त्याच्या निरोपाचा कार्यक्रम वीस मिनिटं उशिरा सुरू व्हावा, याला काय म्हणायचं? मी त्यांच्याकडेच बघत होते. चेहरा हसरा, पण डावा पाय सारखा हलत होता. कानामागची ती लाल-निळी पेन्सिल तीनदा काढली आणि तीनदा परत खोचली. काकूंना मी आत्ता विचारलं, “काकू, काका उद्यापासून घरी. काय करणार ते?” तर म्हणाल्या, “ते नाही गं, मी काय करणार ते विचार! आंघोळीची वेळ आजच सकाळी ठरवून मिळालीय मला.”

हसू नका, यातूनच आपली कंपनी उभी राहिलीय.

पाहुण्यांना माहीत नसेल, म्हणून सांगते. मालक मूळचे बसवाले. घाटातून बस चालवायच्या, वळणावर उलट्या करणारे प्रवासी सांभाळायचे, हा त्यांचा धंदा. एकदा कोणाची तरी जुनी, पंख्यांची दोन विमानं भाड्याने मिळतायत असं त्यांच्या कानावर आलं आणि त्यांनी डोक्यात घेतलं. सगळ्यांनी वेड्यात काढलं. बँकेतल्या साहेबांनी विचारलं म्हणे, “तुम्हाला विमानातलं काय कळतं?” मालक म्हणाले, “खुर्च्या आहेत ना? मग खुर्च्यांतलं कळतं मला.”

राजधानी ते बंदर, थेट. असा बेत होता. वेळापत्रक करायला काकांना बसच्या डेपोतून उचलून आणलं. आणि मग घडला तो प्रसंग, जो या हॉलमधल्या प्रत्येकाला पाठ आहे, पण प्रत्येकाचा वेगळा पाठ आहे. मी दोन्ही बाजू सांगते. दोघेही समोर बसलेत, चुकलं तर सांगतील. मालकांना ऐकू कमी येतं, तेव्हा फक्त काका सांगतील.

मालक दुसऱ्या विमानाचा करार करायला बाहेरगावी गेले होते. समोर विमानाचे मालक, त्यांचे वकील, सगळे एकदम बोलतायत. तेवढ्यात काकांचा फोन. काकांनी सुरू केलं, “साहेब, वेळापत्रक छापायला टाकू ना? थेट बंदर असंच टाकतोय, सकाळचं असं, दुपारचं असं...” काका एकदा सुरू झाले की कसे असतात ते काय मी सांगायला हवं? मालक वैतागले. म्हणाले, “मध्ये बोलू नका, थांबा!”

ही मालकांची बाजू.

फोनची लाइन त्या काळी कशी होती, ज्यांनी वापरलीय त्यांना आठवेल. खरखर, शिट्टी, मधूनच तिसऱ्याच कोणाचं तरी बोलणं. काकांना त्यातून ऐकू आलं, “मध्ये... खर्रर्र... थांबा.” आणि लाइन तुटली.

ही काकांची बाजू.

मी तुम्हाला विचारते, दुसऱ्या कुठल्याही कंपनीतला माणूस काय समजला असता? थांबायला सांगितलंय, थांबू या. चहा पिऊ या. पण डेपोत उभा जन्म घालवलेल्या माणसाला ‘थांबा’ म्हटलं की काय दिसतं? पत्र्याची शेड आणि एक पाटी! साहेबांनी मध्ये थांबा द्यायला सांगितलाय! काकांनी नकाशा काढला. मध्ये काय आहे? एक गाव. गावाला धावपट्टी आहे का? आहे की! हवामान बिघडलं तर उतरायला म्हणून कागदोपत्री मंजूर करून ठेवलेली, वर्षभर मेंढ्या चरणारी, पण आहे. काकांनी पेन्सिल काढली आणि थांबा टाकला. छापून मोकळे.

मग त्यांच्या लक्षात आलं की तिथे आपलं माणूस कोणीच नाही. धावपट्टीच्या फाटकासमोर एक टेलिफोनचं दुकान होतं, त्याचा नंबर त्यांनी कुठून तरी मिळवला. ते दुकान माझं. मी फोन उचलला. पलीकडून आवाज, “तिथे कोणी आहे का?” मी म्हटलं, “मी आहे.” म्हणाले, “छान. मग पुढच्या सोमवारपासून तुम्ही आमच्या स्टेशन इन्चार्ज.” झाली माझी मुलाखत! त्यानंतर कंपनीने मनुष्यबळ विभाग काढला, तीन-तीन फेऱ्यांत मुलाखती घेतल्या. मला नाही वाटत माझ्याहून चांगलं कोणी मिळालं असेल. असो.

मालक परत आले. भिंतीवर छापलेलं वेळापत्रक. चष्मा लावला, काढला, परत लावला.

“हे गाव मध्ये कुठून उपटलं?”

“आपणच सांगितलंत साहेब.”

“मी? कधी?”

“फोनवर. मध्ये थांबा म्हणालात.”

“अहो, मी तुम्हाला गप्प बसायला सांगत होतो!”

“ते ऐकू नाही आलं.”

मालक डोकं धरून खुर्चीत बसले. रागाने लाल. काकांची बदली परत डेपोत, असं बोलून झालं होतं म्हणे. तेवढ्यात तिकीट खिडकीवरून निरोप आला की सोमवारच्या विमानात मधल्यापर्यंतच्या जागा भरल्या, आणि मधल्याहून बंदरापर्यंतच्याही भरल्या. मालकांनी मान वर केली. बसवाला जागा झाला! एक प्रवासी मध्ये उतरणार, त्याच खुर्चीत तिथून दुसरा बसणार. एकाच फेरीत एकच खुर्ची दोनदा विकली. म्हणाले, “महिनाभर बघू.”

तो महिना अजून चालू आहे. वीस वर्षं झाली.

पाहुणे, तुम्ही मोठ्या कंपनीतून आलात, तुमच्याकडे याला बिझनेस मॉडेल म्हणतात. आमच्याकडे ‘मध्ये थांबा’ म्हणतात. मोठ्या विमानाने मोठी शहरं जोडायची, ती तुम्ही जोडा. आम्ही मधली गावं घेतली. पहिल्या थांब्यावरून दुसरा सुचला, दुसऱ्यावरून तिसरा. दोनाची अकरा विमानं झाली, सगळी एकाच जातीची. का? तर एकाचा बिघडलेला भाग दुसऱ्याच्या कपाटात सापडतो, आणि एकाचा वैमानिक दुसऱ्यावर बसवला तर त्याला बटणं शोधत बसावी लागत नाहीत. रात्री विमानं अशी परत आणायची की माणसं आपापल्या घरी झोपतील, असा काकांचा हट्ट, म्हणून हॉटेलांचा खर्च नाही आणि बायकांच्या शिव्या नाहीत. तिकीट देणारीच सामान चढवते. मीही चढवते. आमच्याकडे विमान उतरलं की एक पंखा चालूच असतो, दुसऱ्या बाजूने माणसं उतरतात आणि चढतात. मालकांचं वाक्य भिंतीवर लावलंय ना आपण? विमान उभं राहिलं की खातं आणि उडालं की कमावतं.

दोनदा मोठ्या कंपन्यांनी याच मार्गावर थेट जेट आणलं. तिकीट आमच्याहून स्वस्त. तेव्हा आमची पाचावर धारण बसली होती, खोटं कशाला बोलू? काका मात्र शांत. म्हणाले, “मंगळवार दुपार बघा.” सुट्टीच्या दिवशी कोणीही विमान भरेल हो! मंगळवारी दुपारी कोण बसणार? त्यांच्या जेटमध्ये हवाई सेविका एकमेकींना पाणी देत होत्या. आणि आपल्यात? कोर्टाची तारीख असलेले बसले, गिरणीचा मेकॅनिक बसला, दातांचे डॉक्टर बसले. हे डॉक्टर दर मंगळवारी मधल्याला येतात. त्याआधी आमच्या गावात दात दुखला की गालाला फडकं बांधून दिवसभर घाटातून बसने जायचं, आणि पोहोचेपर्यंत दुखणं विसरून उलट्याच करत बसायचं. आज आमच्या गावात लोक हसतात ते आपल्या कंपनीमुळे. अगदी शब्दशः.

माझा संसारही कंपनीचाच. एकदा मधल्याला विमान बिघडलं. दुरुस्तीला इंजिनिअर पाठवला. विमान दुरुस्त झालं, गेलं. इंजिनिअर राहिला. ते बघा, तिसऱ्या रांगेत, मान खाली घालून बसलेत. अहो, वर बघा, चांगलंच सांगतेय!

धाकट्या बाई घड्याळाकडे बघतायत. आवरते बाई, आवरते. पण एक गोष्ट राहिली, आणि ती हलकीफुलकी नाही. संयोजकांनी माफ करावं.

एक तारखेपासून नवीन वेळापत्रक लागतंय. पाहुण्यांच्या कंपनीशी आपला करार झाला, आपले प्रवासी बंदराला उतरून त्यांच्या मोठ्या विमानात बसणार आणि सातासमुद्रापार जाणार. आनंदाची गोष्ट आहे. त्यासाठी आपली सकाळ-दुपारची दोन्ही विमानं थेट होणार. मधलं बंद.

यात धाकट्या बाईंचं काही चुकलंय असं मी म्हणत नाही. अकरा विमानांची भाडी, पाचशे माणसांचे पगार त्यांच्या डोक्यावर आहेत. मध्ये उतरायचं म्हणजे पुन्हा चढायला इंधन जातं, टायर झिजतात, हे मलाही कळतं. माझंही वैयक्तिक काही अडत नाही. मला इथे मुख्य कार्यालयात केबिन मिळतेय, फिरती खुर्ची मिळतेय, ह्यांचीही इथे बदली होतेय. पण परवाची गोष्ट. आमच्या शाळेतल्या बाई खिडकीवर आल्या. त्यांचे मिस्टर बंदरात क्रेन चालवतात. दर शनिवारी ते येतात, सोमवारी पहिल्या विमानाने जातात. मुलगी दोन वर्षांची होती तेव्हापासून असं चाललंय, आता ती चौथीत आहे. बाई म्हणाल्या, “ताई, पुढच्या महिन्याची तिकिटं का निघत नाहीत हो? मशीन बिघडलंय का?”

मशीन बिघडलेलं नव्हतं. मी त्यांना काय सांगू? वीस वर्षं त्या खिडकीत बसून मी कधी खोटं बोलले नाही. त्या दिवशी म्हटलं, हो, बिघडलंय. त्या गेल्या आणि मी खिडकी लावून रडले. आता स्पष्टच बोलते, मला हा थांबा जायला नकोय. मला ते फार लागलंय.

आणि मग मी नवीन वेळापत्रक नीट वाचलं. ते काकांनीच केलंय, त्यांच्या हातचं शेवटचं. सगळ्या बोर्डांवर लागलंय, तुम्हीही बघितलं असेल. आपलं दुपारचं विमान थेट जाणार आणि बंदराला जाऊन उभं राहणार. का? तर पाहुण्यांचं विमान संध्याकाळीच सुटतं. खरंय ना पाहुणे? मान हलवताय, म्हणजे खरंय. सकाळचंही तेच, लवकर पोहोचून परतीच्या वेळेपर्यंत उभं. मग तोवर प्रवासी काय करणार? बंदराच्या हॉलमध्ये जांभया देणार. आणि विमान काय करणार? भिंतीवरचं वाक्य वाचा. खाणार! ज्या माणसाने उभ्या आयुष्यात पाच मिनिटं मोकळी सोडली नाहीत, त्याच्या वेळापत्रकात एवढी मोठी पोकळी? त्यात आमचा थांबा सहज बसून वर काकांना कुरकुर करायला वेळ उरतो.

मी काकांना फोन केला. म्हटलं, “काका, हे मोकळं का सोडलंत?” म्हणाले, “मला थेट करायला सांगितलं, मी केलं.” म्हटलं, “अहो, पण तुम्ही बोलला का नाहीत मीटिंगमध्ये?” तर म्हणतात, “एकदा मी माझ्या मनाने थांबा घातला असं तुम्ही सगळे वीस वर्षं चिडवताय. आता साहेबांनी थांबा म्हटल्याशिवाय मी थांबा घालणार नाही!” रुसलेत! या वयात! काकू, तुम्ही कसा केलात हो संसार?

तर माझं म्हणणं एवढंच की, काकांचा सत्कार करायचा तर भेट म्हणून घड्याळ कशाला? त्यांच्या घरी सात घड्याळं आहेत, सगळी एकच वेळ दाखवतात. त्यापेक्षा... हो बाई, संपवतेच आहे. दोन मिनिटं. म्हणजे आमची दोन मिनिटं नाहीत, काकांची दोन मिनिटं. तर त्यापेक्षा ज्या गावाने या कंपनीला...

काय म्हणालात बाई?

ऐकलंत का सगळ्यांनी? बाईंसमोरचा माईक चालू आहे. काय म्हणाल्या त्या? “ताई, थांबा!”

काका! ऐकू आलं ना नीट? आज लाइन स्वच्छ आहे, खरखर नाही. कंपनीच्या प्रमुखांनी, भर सभेत, माईकवर सांगितलंय. तुमची नोकरी संध्याकाळी सहापर्यंत आहे. बघा, बघा, पेन्सिल काढली! काका काय विचारतायत? जरा शांत बसा हो मागे... काका विचारतायत, “थांबा कुठे?”

सांगा रे सगळ्यांनी! अजून जोरात! मालकांना ऐकू गेलं पाहिजे!

मालक उठले. मालक काय म्हणतायत? “मध्ये” म्हणतायत. मालक, आज तुम्ही खरंच म्हणालात हं, साक्षीदार आहेत!

आणि धाकट्या बाई डोकं धरून बसल्यात. हुबेहूब वडिलांसारख्या. रागावलात का बाई? हसताय? मला इथून कळत नाहीये. बोला ना, माईक घ्या.

“सहा महिने बघू.”

बाई, तुमचे वडील तर महिनाभरच बघू म्हणाले होते! सहा म्हणजे चंगळ झाली. काका, लाल टोकाने लिहिताय. नाही? बरं, निळ्या टोकाने. माझ्या डोळ्यांत पाणी आहे, मलाच रंग नीट दिसत नसतील.

काका, तुमच्याविषयी चांगलं बोलायचं राहूनच गेलं. तुम्ही तेव्हा चुकून ऐकलंत की मुद्दाम, हे मी वीस वर्षांत कधी विचारलं नाही आणि आज तर मुळीच विचारणार नाही. तुम्ही फोन केलात आणि विचारलंत, तिथे कोणी आहे का. आमच्या गावाला तोवर तसं कोणी विचारलं नव्हतं. एवढंच.

अध्यक्ष महोदया, मालक, प्रमुख पाहुणे, काकू आणि सगळे सहकारी, आपण ऐकून घेतलंत, मी आपली ऋणी आहे. दिलेल्या वेळेत उतरले नाही, मध्येच दिशा बदलली, आणि आपल्या सर्वांना इतका वेळ हवेत फिरवत ठेवलं. झालेल्या विलंबाबद्दल आणि गैरसोयीबद्दल आपली मनापासून क्षमा मागते. बोलण्याच्या भरात कोणाला लागलं असेल तर ते माझं सामान समजून बाजूला ठेवावं, मी उचलून नेईन.

चहा मागे मांडलाय. मला मात्र आधी एक फोन करायचाय. शाळेतल्या बाईंना पुढच्या महिन्याचं तिकीट हवं होतं.